अम्मीची भाषा कोणती?



माझे बालपण धुळ्यात गेले. अम्मी बांगड्या भरायची. डोक्यावर पाटी घेऊन आसपासच्या खेड्यांत जायची. घरात तिची उर्दू, त्यातही निम्मे शब्द मराठी. पण गावातल्या बाईचा हात हातात घेतला की अहिराणी सुरू. ‘तुनी आंडेर कशी शे?’ एवढे विचारले की हात सैल पडे आणि बांगडी न फुटता मनगटावर चढे.

शाळेत मी एकदा डोळ्याला ‘डोया’ म्हणालो. वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्या दिवशी मी अहिराणी सोडली. पुढे मराठीत कविता लिहू लागलो. अम्मी गेली, तेव्हा तिचे चार शब्दही मी कुठे नोंदवून ठेवलेले नव्हते.

विद्यापीठातल्या भाषाविज्ञान विभागाने काय करावे, हा आजचा विषय. मी साधा बी.ए., भाषाशास्त्रज्ञ नव्हे. पण तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, हसू नये. डोळ्याचा ‘डोया’ होतो तसा काळ्याचा ‘काया’ होतो. नियम आहे तिथे चूक कसली? अहिराणीतले ‘ना, नी’ गुजरातीची आठवण देतात. ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खानदेशीला भिल्ली भाषांच्या शेजारी बसवले, इतर अनेकांनी तिला मराठीची बोली मानले. हा वाद पुराव्याने सुटावा, प्रतिष्ठेने नव्हे.

दुसरी, वेळेत नोंद करावी. जनगणना अहिराणीला ‘खानदेशी’त मोजते. ही मातृभाषा सांगणारे २००१ मध्ये सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार उरले. बोलणारे घटले, की सांगायला लाजले? हे रकान्यातून कळत नाही. त्यासाठी ओट्यावर, बाजारात जाऊन बसावे लागते. अम्मीची मातृभाषा उर्दू, हे खरेच. पण तिचे पोट भरणारी भाषा त्या रकान्यात मावत नव्हती.

तिसरी, ज्याचे त्याला परत द्यावे. गोळा केलेले शब्द कपाटात न राहता शाळेत, गावात पोहोचावेत.

जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये सुरू झाले. २०१८ पासून ते बहिणाबाईंचे नाव मिरवते. आसोद्याच्या या माउलीला अक्षरओळख नव्हती. घरच्यांनी ऐकले, लिहून घेतले, म्हणून तिच्या निधनानंतर १९५२ मध्ये तिची गाणी पुस्तकात आली. जिला लिहिता येत नव्हते तिचे नाव विद्यापीठाच्या दारावर आहे. भाषेच्या विभागाला याहून वेगळे ध्येयवाक्य कशाला हवे? आधी ऐकावे, मग लिहावे.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. पण या घरात बोलींना ओसरीवर बसवू नका.

आज घरी आई असेल, आजी असेल, तर तिच्याजवळ बसा. खिशातला मोबाइल सुरू ठेवा आणि तिला तिच्या भाषेत बोलू द्या. मध्येच दुरुस्त करू नका. मला ते जमले नाही. तुम्हाला अजून जमेल.