बेघर माणूस कोणत्या खात्याचा?

(नांदेडजवळील विष्णुपुरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



विष्णुपुरीचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले ते गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे आणि उपसा सिंचन योजनेमुळे. नदीचे पाणी उंचावरच्या शेतात आपोआप चढत नाही. त्यासाठी बंधारा, पंप, वीज, कालवा आणि शेवटी शेताच्या बांधापर्यंत जाणारी चारी लागते. यांतील एक दुवा तुटला, तरी जलाशय तुडुंब असूनही शेत कोरडेच राहते. बेघरांसाठीच्या सरकारी योजनांची अवस्था अशीच आहे. योजना पुष्कळ आहेत. चारी मात्र कोणी काढलेली नाही.

याच विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. शेजारच्या जिल्ह्यांतून, तेलंगणातूनही गोरगरीब तेथे येतात. अशा कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. फलाटावरून उचलून आणलेल्या माणसाचा मोडलेला पाय डॉक्टर जोडतात. मग त्याला घरी सोडावयाचे असते. घरी म्हणजे कोठे? रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे, निवारागृह महापालिकेचे, शिधापत्रिका पुरवठा खात्याची, निराधारांचे अनुदान तहसील कचेरीचे, घरकुल आणखी तिसऱ्याच खात्याचे. प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न एकच: पत्ता काय? ज्या कारणाने तो मदतीस पात्र, नेमक्या त्याच कारणाने तो अपात्र ठरतो. सारी खाती अशी स्वस्थ बसली असता एक खाते मात्र जागे होते. मुंबई भीक प्रतिबंध कायदा, १९५९ हाती घेऊन पोलीस येतात. एकच माणूस एका कागदावर लाभार्थी आणि दुसऱ्या कागदावर आरोपी!

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री रस्त्यावर, पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या ओट्यावर झोपलेल्यांची मोजदाद झाली. देशात ती संख्या १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार भरली. २००१ च्या मानाने देशाचा एकूण आकडा उतरला. परंतु शहरांतील बेघर ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. मुखेड-कंधारकडचा ऊसतोड कामगार या हिशेबात धड बसतही नाही. त्याचे गावी घर असते; पण गळिताचे काही महिने त्याचा संसार कारखान्याजवळच्या कोपीत असतो.

या माणसांचे देणे किती, हे शासनाने स्वतःच ठरविलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कान उपटल्यानंतर २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निकष आला: दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा कायम निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा, तीही स्थानक, बाजार, रुग्णालय यांच्या जवळ, शिवाय शिधा, औषधोपचार, शाळा यांच्याशी जोडणी. २०११ मध्ये नांदेड-वाघाळा महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाख होती. म्हणजे त्या मोजणीप्रमाणेच साडेपाचशे माणसांची सोय व्हावयास हवी. लातूरची लोकसंख्या ३ लाख ८३ हजार. तेथे जवळजवळ चारशेंची. प्रत्येक शहरातील कार्यकर्त्याने हा त्रैराशिकाचा हिशेब आपल्या महापालिकेपुढे मांडावा आणि प्रत्यक्षात किती खाटा आहेत ते विचारावे.

खात्यांचा मेळ घालणे शासनाला जमत नाही, असे म्हणावे तर मराठवाड्याचा अनुभव निराळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी उभी राहिली. इतरत्र लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती झाली. महसूल, बांधकाम, आरोग्य ही खाती, देणगीदार संस्था आणि गावोगावच्या संवाद सहायक स्त्रिया एका कार्यक्रमात गुंफल्या गेल्या. पण तोच अनुभव दोन इशारे देऊन गेला. नवी घरे जमीनधारणेच्या मापाने वाटली गेली: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला ७५०. जुन्या गावातील विषमता नव्या सिमेंटमध्ये पक्की झाली. दुसरे असे की, नवी गावठाणे ऐसपैस पसरली आणि त्यांच्या रस्त्यांचा, नळांचा खर्च ग्रामपंचायतींच्या माथी आला. घराची किल्ली दिली की काम संपले, असे मानणाऱ्या नियोजनाचा हा परिणाम होय.

पत्त्याची अडचणही अजिंक्य नाही. मतदार यादीत बेघराचे नाव घालताना निवडणूक आयोग त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागत नाही. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री, एकाहून अधिक वेळा, त्या जागी जाऊन माणूस खरोखर तेथे झोपतो याची खात्री करावयाची असते. मतासाठी सरकारी नोकर रात्री पुलाखाली जाऊ शकतो, तर शिध्यासाठी आणि औषधासाठी का जाऊ नये?

म्हणून मागणी नेमकी असावी. शहरागणिक बेघरांची एकच नावनिशीवार यादी हवी आणि ती सर्व खात्यांनी ग्राह्य धरावी. तिची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर हवी. रुग्णालय, रेल्वे, पोलीस, पुरवठा, कामगार खाते आणि स्वयंसेवी संस्था यांनी दरमहा त्याच्यापुढे एकेका नावाचा जाब द्यावा. निवाऱ्यातील जागा निश्चित झाल्याखेरीज कोणत्याही बेघर रुग्णाला रुग्णालयाने बाहेर काढू नये.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्यांना जमीन द्यावयाची नाही, त्यांच्या तोंडी 'समन्वय' हा शब्द फार गोड वाटतो. १९८५ च्या ऑल्गा टेलिस खटल्यात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण फूटपाथवरील झोपड्या हटविण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. हक्क मिळाला, जागा मिळाली नाही. जागा मिळविली ती चळवळीने. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन गोरेगावात सामान्यांसाठी हजारो घरे उभी केली. तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. गावाकडेही घरकुल मंजूर होते आणि जागेअभावी अडते. जमिनीचा प्रश्न सोडून केलेला समन्वय निवारागृहाला कायमचे प्रतीक्षालय करून टाकील.

तथापि जमिनीचा लढा दीर्घकाळ चालेल आणि बेघराला आजची रात्र काढावयाची आहे. दोन्ही कामे एकाच कार्यकर्त्याने करावयाची आहेत. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. नवी मोजणी २०२७ साठी ठरली आहे. तिची वाट न पाहता विष्णुपुरीच्या रुग्णालयापासून नांदेडच्या स्थानकापर्यंत एका रात्री वही घेऊन चालत जावे. नाव, गाव, काम, आजार आणि कोणता कागद नाही, एवढे लिहावे. दुसऱ्या दिवशी ती वही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावी, आणि पुढच्या महिन्यात उत्तर मागावयास पुन्हा जावे. पहिली चारी तेथून निघेल.