हात स्वच्छ झाले, हे ठरवावयाचे कसे?

(हात धुण्याच्या दिवसानिमित्त प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१५ ऑक्टोबर हा दिवस २००८ सालापासून जगभर हात धुण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. हात कसे धुवावेत, हे आपण या दिवशी मुलांना दाखवितो. आज मात्र मी एका निराळ्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. काही दिवसांपूर्वी एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला विचारले, "साबणासाठी शाळेपाशी थोडेच पैसे आहेत. त्यांतून साध्या साबणाच्या पुष्कळ वड्या घ्याव्यात, की ९९.९ टक्के जंतू मारणाऱ्या साबणाच्या थोड्या बाटल्या?"

मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. परंतु लोकांपर्यंत माहिती पोहोचविणे हे ज्याचे काम, त्याने वेष्टनावरील आकडा न तपासता पुढे सांगणे बरे नव्हे. म्हणून हा आकडा येतो कोठून, याचा मी शोध घेतला.

जंतुनाशकाची परीक्षा तीन ठिकाणी घेता येते: प्रयोगशाळेतील नळीत, माणसाच्या हातावर आणि माणसांच्या वस्तीत.

पहिली परीक्षा सोपी आहे. मोजून घेतलेल्या जंतूंमध्ये औषध मिसळावयाचे, ठराविक वेळ थांबावयाचे आणि ते मिश्रण पोषक द्रव्य असलेल्या काचेच्या बशीवर पसरून उबेत ठेवावयाचे. जिवंत राहिलेला जंतू वाढून त्याचा डोळ्यांना दिसेल असा ठिपका होतो. ते ठिपके मोजले की निकाल हाती येतो. यात एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. वेळ संपताच औषधाचा प्रभाव थांबविणारे द्रव्य मिश्रणात घालावे लागते. ते न घातल्यास औषध बशीतही आपले काम करीत राहते आणि न केलेल्या पराक्रमाचे श्रेय त्याच्या पदरात पडते.

वेळेचे महत्त्व किती, ते दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक घातलेला साबण आणि साधा साबण यांची त्यांनी २० प्रकारच्या जीवाणूंवर तुलना केली. हात धुण्यास लागतात तेवढ्या २० सेकंदांत दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. ट्रायक्लोसानचा प्रभाव नऊ तासांनंतर दिसू लागला. नऊ तास हात धुणारा मनुष्य अद्याप जन्माला यावयाचा आहे!

आता ९९.९ टक्क्यांचा हिशेब पाहू. हातावर १० लाख जंतू असले, तर ९९ टक्के नाहीसे झाल्यावर १० हजार उरतात आणि ९९.९ टक्के नाहीसे झाल्यावर एक हजार. म्हणूनच तज्ज्ञ टक्क्यांऐवजी मूळ संख्या दहापटीने किती वेळा घटली, हे पाहतात. आकडा खोटा असेलच असे नाही. पण तो कोणत्या जंतूंवर, किती वेळात आणि कशाच्या तुलनेत मिळाला, हे कळल्याखेरीज त्याला अर्थ नाही.

दुसरी परीक्षा हातावरची. युरोपीय मानकांत तिची रीत ठरवून दिलेली आहे. स्वयंसेवक आपले हात रोगकारक नसलेल्या ई. कोलाय जीवाणूंच्या द्रवात बुडवून वाळू देतात. मग हात स्वच्छ करण्यापूर्वी व केल्यानंतर बोटांची टोके द्रवात चोळून जंतूंची संख्या काढतात. त्याच स्वयंसेवकांवर एका ठरलेल्या प्रमाण द्रव्याचीही चाचणी होते. चोळण्याच्या द्रवाची तुलना ६० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलशी केली जाते आणि त्याने त्याहून कमी पडता कामा नये. जंतुनाशक साबणाची तुलना मात्र साध्या सौम्य साबणाशी होते आणि त्याने त्याहून सरस ठरले पाहिजे. अशा चाचण्यांत मिनिटभर चोळून धुतल्यास साधा साबणही शंभरांतील नव्व्याण्णवांहून अधिक जंतू हातावरून दूर करतो. तो तेलकटपणा व मळ सैल करतो आणि त्याबरोबर जंतू पाण्याने वाहून जातात. जंतू मेला काय आणि वाहून गेला काय, मुलाच्या पोटात गेला नाही हे महत्त्वाचे.

तिसरी परीक्षा सर्वांत कठीण आणि सर्वांत खरी. ती जंतू मोजीत नाही, आजारी माणसे मोजते. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले. एप्रिलमध्ये त्या प्रसूतिकक्षात शंभर बाळंतिणींमागे १८ दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास आले. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्य झालेला नव्हता, पण मृत्यूंची नोंद पुरेशी बोलकी होती.

आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळची परीक्षा कराचीच्या गरीब वस्त्यांत २००२-०३ मध्ये झाली. काही कुटुंबांना साधा साबण, तर काहींना ट्रायक्लोकार्बन घातलेला साबण देण्यात आला आणि हात धुण्याची सवय लावण्यात आली. कोणाला कोणता साबण मिळाला, हे त्यांना सांगितलेले नव्हते. हा उपक्रम नसलेल्या वस्त्यांच्या तुलनेत १५ वर्षांखालील मुलांतील अतिसार ५३ टक्क्यांनी, तर पाच वर्षांखालील बालकांतील न्यूमोनिया ५० टक्क्यांनी कमी आढळला. दोन्ही साबणांच्या परिणामांत मात्र लक्षणीय फरक नव्हता. मुले वाचविली ती हात धुण्याने.

पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसान व ट्रायक्लोकार्बन यांसह १९ द्रव्ये घातलेल्या घरगुती साबणांच्या विक्रीस मनाई करणारा नियम जाहीर केला. ही द्रव्ये रोजच्या दीर्घ वापरास सुरक्षित आहेत आणि साध्या साबणपाण्याहून सरस आहेत, हे उत्पादकांना दाखविता आले नव्हते.

यावरून जंतुनाशके निरुपयोगी आहेत, असा अर्थ कृपया काढू नये. रुग्णालयाच्या गरजा निराळ्या असतात. २०२० च्या करोना साथीत सॅनिटायझरचा उपयोग आपण सर्वांनी पाहिला. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल असावे आणि ते हातावर वाळेपर्यंत चोळावे. पण मातीने माखलेल्या वा तेलकट हातांवर त्याचा प्रभाव कमी पडतो आणि काही जंतूंना ते दाद देत नाहीत. मैदानावरून आलेल्या मुलाला साबण आणि पाणीच हवे.

मुख्याध्यापिकाबाईंना मी उत्तर दिले, "बाई, साध्या वड्या घ्या. मात्र नळाला पाणी आहे आणि वडी जागेवर आहे, हे रोज पाहा." शौचानंतर व जेवणापूर्वी वीस सेकंद बोटांच्या बेचक्या, नखे आणि अंगठे चोळून धुतले, तर त्या पैशाचे चीज होईल. उरलेल्या पैशांत पाण्याची सोय सुधारता आली, तर उत्तमच. आणि वरच्या वर्गातील मुलांना वेष्टनावरील तो आकडा फळ्यावर लिहून दाखवा. जंतू कोणते, वेळ किती, तुलना कशाशी, हे तीन प्रश्न त्यांनाच विचारू द्या.