एक्सेटरचा कालवा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस एक्स नदीच्या कांठीं एक्सेटर हें जुनें शहर आहे. समुद्र तेथून कांहीं मैलांवर. मध्ययुगांत भरतीच्या पाण्याबरोबर लहान गलबतें थेट शहराच्या तटाखालीं येत असत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत डेव्हनची सरदारीण इझाबेला दि फोर्टिबस हिनें शहराच्या खालच्या अंगास नदीवर बंधारा घातला. पाणचक्क्यांस पाणी मिळावें हा हेतु. गलबतांसाठीं मध्यें वाट मात्र ठेविली होती. पुढें जहागीर कोर्टने घराण्याकडे गेली आणि चौदाव्या शतकाच्या आरंभीं ती वाटहि बुजली. याच घराण्यानें टॉप्शम येथें धक्का बांधला. शहराचा माल आतां तेथें उतरूं लागला आणि जकात सरदारांच्या पदरांत पडूं लागली. शहरानें वारंवार दाद मागितली, पण व्यर्थ. नदी उशाशीं असून शहर बंदरास मुकलें, तें दोनशें वर्षांहून अधिक काळ!

आठव्या हेन्रीनें राजद्रोहाच्या आरोपावरून कोर्टने सरदाराचा शिरच्छेद करविला, तेव्हां कोठें हा पाश सैल झाला. १५५० मध्यें नदी मोकळी करण्याची परवानगी मिळाली. परंतु तोंवर पात्र गाळानें भरलें होतें. अखेर नगरसभेनें जॉन ट्रू या स्थापत्यकाराकडून, १५६० नंतरच्या दशकांत, नदीस बगल देणारा पावणेदोन मैलांचा कालवा खणविला. त्यांत दुहेरी दारांचीं कुंडें होतीं. नाव कुंडांत घ्यावी, मागचें दार लावावें, पाणी पुढील पातळीस आणावें, मग पुढचें दार उघडावें. अशीं कुंडें इंग्लंडांत प्रथम येथेंच झालीं, असें मानतात.

रुंदी मात्र १६ फूट आणि खोली अवघी ३ फूट! एवढ्या पाण्यांत समुद्रावरचें गलबत कसें तरंगावें? तेव्हां माल टॉप्शमलाच उतरवून होड्यांत भरावा लागे. नगरसभेनें थैली जरा सैल सोडली असती तर बरें झालें असतें. १७०१ च्या सुमारास कालवा १० फूट खोल झाला, तेव्हां कोठें समुद्रावरचीं जहाजें शहरापर्यंत पोंचलीं. लोंकरी कापडाचा व्यापार त्या काळीं भरभराटींत होता.

पुढें जेम्स ग्रीन यानें कालवा टर्फपर्यंत वाढविला आणि १८३० मध्यें शहराजवळ गोदी उघडली. चौदाच वर्षांत, १८४४ सालीं, आगगाडी येऊन ठेपली आणि माल रुळांकडे वळला. तरीहि तुरळक मालवाहतूक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालली. आज तेथें वल्हीं मारणारे हौशी लोक दिसतात. बंधाऱ्याच्या परिसरास मात्र लोक अद्याप त्या सरदारणीच्या पदवीवरून कौंटेस वेअर असेंच म्हणतात.