डाग आणि गोंदण



जुनीं छायाचित्रें संगणकावर दुरुस्त करण्याचा छंद आतां पुष्कळ घरांत शिरला आहे. आमचें उंद्री हें बुलढाणा जिल्ह्यांतील, चिखली तालुक्याचें गांव. तेथेंहि भिंतीवरच्या चौकटी उतरवून, बुरशीनें आणि कसरीनें खाल्लेले चेहरे घेऊन माणसें मजकडे येतात. स्वतः हात चालवून पाहिलेला असतो, आणि तक्रार बहुधा एकच असते, कीं हें हत्यार चालत नाहीं. हत्यार चालत असतें. फक्त सांगितलें तेवढेंच तें करीत असतें.

क्लोन स्टँप घ्या. एका जागेचा अंश उचलून तो दुसरीकडे ठसा उमटवितो. परंतु कोठून उचलावयाचें हें आधीं दाखवावें लागतें; फोटोशॉपमध्यें आल्ट आणि जिंपमध्यें कंट्रोल ही कळ दाबून त्या जागीं टिचकी मारावी. तें न केल्यास तो काम नाकारतो, आणि योग्यच करतो. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. ब्रश फिरतो, पण चित्रांत कांहींच उमटत नाहीं. कोठें तरी आधींचें सिलेक्शन तसेंच राहिलेलें असतें, आणि त्या कुंपणाबाहेर ब्रशाला मज्जाव असतो. अथवा मूळ चित्राला धक्का लागूं नये म्हणून आपण शहाणपणानें वर कोरा लेयर घेतलेला असतो, आणि ब्रश नमुनाहि त्या कोऱ्या लेयरमधूनच उचलीत असतो. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? नमुना खालच्या लेयरमधूनहि घे, अशी खूण केली कीं काम सुरू होतें. कोरा लेयर मात्र सोडूं नये.

हीलिंग ब्रश २००२ सालीं फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तींत आला. नमुन्याचा पोत घेऊन तो रंग आणि उजेड डागाच्या भोंवतालचा राखतो. त्यामुळें गालावरील ओरखडा सांधा न दिसतां भरून येतो. हाच गुण पदराच्या कांठाशीं दोष ठरतो. पांढऱ्या भिंतीपुढें गडद पदर असला, कीं तो काळोख आंत ओढला जाऊन शाई सांडल्यासारखा मळ पसरतो, आणि ब्रश पुनःपुन्हां फिरविला तर वाढतो. तेथें कांठाबरहुकूम सिलेक्शन करून आंतच काम करावें, नाहीं तर सरळ क्लोन स्टँप घ्यावा. नमुन्याची जागाहि वरचेवर बदलावी. एरवीं आजीच्या गालावर छापील लुगड्याची नक्षी उमटते.

२००५ सालीं आलेला स्पॉट हीलिंग ब्रश तर नमुनाहि मागत नाहीं. डागावर टेकविला, कीं डाग गेला. मला याचीच अधिक धास्ती वाटते. आमच्या भागांतील एक चौकट शहरांतल्या एका दुकानांतून उजळून आली. बुरशी गेली, चीर गेली, आणि त्यांबरोबर कपाळावरचें गोंदणहि गेलें. त्या बाईंचा मुलगा, साठीचा शेतकरी, मला म्हणाला, "गुरुजी, माय आमचीच हाय, पन कपाळ कोनाचं?" बाईंचें दुसरें छायाचित्र नव्हतें. नशीब कीं मूळ कागद घरीं परत आला होता. तो ६०० डीपीआयला स्कॅन करून मोठा केला, तेव्हां गोंदणाचे आणि बुरशीचे ठिपके जवळजवळ एकाच मापाचे दिसूं लागले. पूर्वीं रिटचिंग काचेच्या निगेटिव्हवर टोंकदार पेन्सिलीनें होई, आणि कारागिरानें तो चेहरा पुष्कळदां प्रत्यक्ष पाहिलेला असे. येथें पाहिलेली एकच व्यक्ति उरली होती, शेतकऱ्याची थोरली बहीण. तिला शेजारीं बसविलें. पडद्यावर बोट ठेवून, "हा मायचा, हा नाही," असें ती सांगत गेली, आणि तिनें नाकारलेले तेवढेच ठिपके मीं काढले. सबंध सकाळ गेली.

२०२३ पासून फोटोशॉपला शब्दांनीं सांगून रिकामी जागा भरून घेतां येते. कसरीनें खाल्लेला डोळा तें यंत्र बेमालूम काढून देईल; पण तो कोणाचा तरी डोळा असेल. माझ्याकडे तशी चौकट आली तर तेवढा भाग मी फाटलेलाच ठेवतों. कांहीं लोक रुष्ट होतात, त्याला इलाज नाहीं.

मूळ स्कॅन निराळा ठेवावा, आणि दुरुस्तीची प्रत दुसऱ्या नांवानें. चौकट पुन्हां टांगतांना तिची पाठ ओल्या भिंतीला टेकूं देऊं नये. बुरशी बहुतेक तेथूनच शिरते.