नाताळच्या भेटींचीं घरगुती वेष्टनें

नाताळ जवळ आला, कीं पुण्याच्या लष्कर भागांतील दुकानांत चकचकीत कागदांच्या गुंडाळ्या दिसूं लागतात. 1917 सालीं अमेरिकेंत कॅन्सस सिटी येथील हॉल बंधूंच्या दुकानांत वेष्टनाचा पातळ कागद संपला, तेव्हां त्यांनीं लिफाफ्यांच्या अस्तराचा नक्षीदार कागद विकावयास ठेविला. पुढें या व्यापारानें मोठाच जोर धरला. आज त्यांतील पुष्कळ कागदांवर प्लॅस्टिकचा वा धातूचा थर असतो. असा कागद पुन्हां लगदा करण्यास निरुपयोगी. रद्दीवाल्यानें तो नाकारला तर त्याचें काय चुकलें?

आपल्या शहरास तर कागदाची परंपरा आहे. कसब्यांतील कागदीपुरा हें नांवच तिची साक्ष देतें. 1940 सालीं येथें हातकागद संस्थाही निघाली. सुती चिंध्यांपासून केलेला हा कागद जाड असतो, म्हणून घडी घालण्यापूर्वीं पट्टीनें रेघ दाबून घ्यावी. दोन्ही टोकांस खोक्याच्या निम्म्या जाडीहून किंचित् अधिक कागद सोडावा. चिकटविण्यास कणकेची खळ पुरे. बटाटा अर्धा कापून त्यावर चांदणी कोरून द्या. ठसे मुलें उमटवितील. ते वांकडे उमटले तर उमटूं द्यावेत, वडीलधाऱ्यांनीं सुधारूं नयेत.

मला स्वतःला खणाचें वेष्टन सर्वांत आवडतें. त्याला एक गांठ पुरते, आणि पुढें त्याची चोळी होते. नाताळच्या करंज्यांचें तूप मात्र कागदावर उतरतें. त्यांना पळसाचा द्रोण, वर केळीचें पान आणि केळीच्याच सोपटाची दोरी.