लाटणे कातावे कसे?
(मंडळाच्या हस्तकला-वर्गात दिलेले भाषण)



रोज आपल्या हातात असते आणि तरी आपण कधी न्याहाळून पाहत नाही, अशी एक वस्तू मी आज बरोबर आणली आहे. ती म्हणजे लाटणे. लाटणे, रवी, भोवरा, पाळण्याचे गज, देव्हाऱ्याचे खांब, मुलींच्या भातुकलीतली इवलीशी भांडी, ही सगळी एकाच कुळातली. लाकूड फिरते ठेवायचे आणि त्याला पटाशी लावून गोल आकार काढायचा, याला कातणे म्हणतात. सूत कातणारी बाई आपल्याला ठाऊक असते. लाकूड कातणारी मात्र ऐकूनही माहीत नसते. आज बोलायचे ते त्याविषयीच.

हे काम हलक्या दर्जाचे आहे, असे कोणी समजू नये. रशियाचा बादशहा पीटर (१६७२–१७२५) हौसेने स्वतः कातकाम करीत असे. आपल्याकडे कातारी जमिनीवर बसून काम करी. दोरीने किंवा कामट्याने लाकूड फिरवायचे आणि पटाशी आवरायला पायाच्या बोटांचीही मदत घ्यायची. सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणी, बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणची खेळणी आपण जत्रेत पाहिली असतील. चन्नपट्टणच्या खेळण्यांवरची ती झळाळी ब्रशाने दिलेली नसते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घासण्याने ऊब निर्माण होते, लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या सुक्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. म्हणून अशा तबकावर चहाची गरम किटली ठेवू नये. ऊब लागली की लाख पुन्हा मऊ होते आणि डाग पडतो.

आता आपल्या लाटण्याकडे वळू. पहिली गोष्ट लाकडाची. शिसम, साग, बाभूळ ही चांगली. लाकूड वाळलेले हवे. ओले लाकूड वाळताना सगळीकडून सारखे आटत नाही. वर्तुळांच्या दिशेने ते जास्त आटते, गाभ्याकडे जाणाऱ्या दिशेने कमी. त्यामुळे ओल्या लाकडाचा गोल वाडगा पुढे लांबट होतो, आणि गाभा मध्ये राहिलेला तुकडा तर बहुधा चिरतो. लाकूड वाळले की नाही हे ओळखायला स्वयंपाकघरातला तराजू पुरतो. दर आठवड्याला तुकडा तोलावा आणि वजन लिहून ठेवावे. तीन-चार वेळा वजन तेच आले म्हणजे तुकडा कामाला तयार झाला.

दुसरी गोष्ट रेषांची. लाकडाच्या रेषा लाटण्याच्या लांबीने गेलेल्या हव्यात. आडव्या रेषांचे लाटणे जोर दिला की मोडते.

तिसरी गोष्ट आकाराची. पोळीचे लाटणे मध्ये किंचित जाड आणि टोकांकडे निमुळते का असते? ते थोडे कलते, दाब कडेकडे जातो आणि पोळी आपोआप फिरते. पापडाचे लाटणे बारीक असते, काहींवर रेघाही असतात. म्हणजे नक्षी नंतर, आधी काम. नवशिकीला मण्यांमागून मणी आणि खाचांमागून खाचा काढण्याचा मोह होतो. पण ज्या खाचेत कणीक अडकेल ती खाच लाटण्यावर नको. मुठीशी एखादी सौम्य वळणरेषा पुरते.

४० मिलिमीटर चौरस आणि ४० सेंटिमीटर लांब असा तुकडा घ्यावा. दोन्ही टोकांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघा मारल्या की मध्यबिंदू मिळतो. चारही धारा रंध्याने उतरवून तुकडा अष्टकोनी करावा. मग तो लेथच्या दोन टोकांमध्ये घट्ट धरावा. पटाशी टेकवायची पट्टी लाकडापासून तीन-चार मिलिमीटरवर आणावी आणि मोटर लावण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे. कुठे घासत नाही ना, ही खात्री झाल्यावाचून बटणाला हात लावू नये.

सुरुवातीला वेग मिनिटाला सुमारे १००० फेरे पुरे. पटाशी आधी पट्टीवर टेकवावी, मग हलकेच लाकडाला भिडवावी. हा क्रम कधीही उलटा करू नये. प्रथम गोल पटाशीने सरळ दंडगोल करावा. नंतर मधला भाग ३२ आणि टोके २४ मिलिमीटर राहतील असे उतरवत न्यावे. उतरवताना नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे जावे. त्या दिशेने लाकडाचे तंतू स्वच्छ कापले जातात. उलट गेले की उचकटतात.

चार खांब सारखे हवेत तर काय करावे? आपण ब्लाऊजचा कागदी नमुना ठेवतो, तसा एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर नमुना ठेवावा. मणी कुठे, खाच कुठे, जाडी किती, सगळे तिच्यावर लिहावे आणि प्रत्येक तुकड्यावर तीच पट्टी लावून खुणा कराव्यात.

पॉलिशकागद मारताना पट्टी काढून टाकावी, आणि शेवटचा हात यंत्र थांबवून रेषांच्या दिशेने द्यावा. टोके फिरत्या यंत्रावर पूर्ण तोडू नयेत. पेन्सिलीएवढी जाडी राहू द्यावी आणि यंत्र थांबवून करवतीने कापावे.

तेलाबद्दल दोन शब्द. लाटणे नुसते कोरडे ठेवले तरी चालते. तेल लावायचे तर खाण्याचे जवसाचे चांगले, कारण ते हवेत वाळून घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल तसे वाळत नाही, पुढे चिकट होऊन खवट वास मारते. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल स्वयंपाकघरातल्या वस्तूला नको. त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंची द्रव्ये घातलेली असतात. आणि जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. उघडी पसरून वाळवावी.

आता जे सांगते ते सर्वांत महत्त्वाचे. लेथला आपला पदर, वेणी आणि बांगडी ओळखू येत नाही. साडी नेसून हे काम करायचे तर पदर पुरा खोचून वरून घट्ट ॲप्रन बांधावा. सलवार-कमीज असेल तर ओढणी बाजूला काढून ठेवावी. केसांचा अंबाडा आणि त्यावर रुमाल हवा. बांगड्या, अंगठ्या आणि मंगळसूत्र काढून डबीत ठेवावे. मंगळसूत्र काढण्याविषयी एकदोघींनी कुरकुर केली. मी त्यांना एवढेच म्हणते, की घरचे माणूस सुखरूप राहावे म्हणून आपण ते घालतो. आपणही त्या घरचे माणूसच आहोत. हातमोजे घालू नयेत, फिरत्या लाकडावर कापड धरू नये. डोळ्यांवर जाड चष्मा आणि नाकावर मुखपट्टी हवी, कारण शिसमाच्या भुशाने काहींना शिंका येतात, अंगावर खाज उठते. हे नियम पाळणे ज्यांना जड वाटते, त्यांनी लेथपासून दूर राहावे हेच बरे.

यंदा मंडळाच्या शिलकेतून भाड्याने द्यायच्या भांड्यांचा नवा संच घ्यावा की एक लहान लेथ, असा प्रश्न आपल्यापुढे आहे. भांडी उपयोगाची आहेत, हे मी नाकारीत नाही. पण आपल्याजवळ दोन संच आहेतच. गेली तीन वर्षे मी आळीतल्या एका वृद्ध कातारीबुवांकडे जाऊन हे काम शिकते आहे. त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली. त्यांच्या हातची वळणे पुस्तकात नाहीत, आणि त्यांचे हातही आता कापू लागले आहेत. ते आठवड्यातून दोन दुपारी शिकवायला तयार आहेत. भांडी पुढच्या वर्षीही बाजारात मिळतील. हे गुरू मिळतील की नाही, कोणी सांगावे?

सभेने याचा विचार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते. हे लाटणे मी येथेच ठेवते. घरी नेऊन एकेक दिवस पोळ्या करून पाहा आणि कुठे कमी पडते ते मला मोकळेपणाने सांगा.