वाटेचं नाव काय?



गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला म्हसळ्याला आला होता. कॉलेजात शिकणारं पोर. एका संध्याकाळी मोबाईल घेऊन माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही कविता करता ना? मग मला दोन ओळी लिहून द्या.’’ मला बरं वाटलं. या वयात ओळी मागतोय म्हणजे प्रेमाचं प्रकरण असणार, अशी माझी समजूत. पण त्याला ओळी हव्या होत्या एका दगडाच्या वर्णनासाठी!

हा काय प्रकार आहे, ते आधी सांगतो. मोबाईलवर असे काही खेळ आहेत, जे घरात बसून खेळता येत नाहीत. खेळाचा नकाशा म्हणजे आपल्याच गावाचा खरा नकाशा. त्यावर ठिकठिकाणी थांबे असतात. देऊळ, पुतळा, वाचनालय, जुनी विहीर असं काहीतरी. तिथवर चालत गेलं, की खेळ पुढे सरकतो. २०१२ साली ‘इनग्रेस’ नावाचा असा खेळ आला. त्याच्या खेळाडूंनी जगभरातली ठिकाणं सुचवली. त्याच नोंदींच्या पायावर २०१६ साली ‘पोकेमॉन गो’ उभा राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात तो भारतातही अधिकृतपणे आला.

नवं ठिकाण सुचवायचं असेल, तर रीत ठरलेली आहे. त्या वस्तूचा फोटो, आजूबाजूच्या परिसराचा फोटो, नाव, दोन ओळींचं वर्णन आणि हे ठिकाण का महत्त्वाचं, याचं कारण. त्यावर निकाल देणारे बरेचदा आपल्यासारखेच खेळाडू असतात. आपलं गाव त्यांनी पाहिलेलं असेलच असं नाही. कुणाचं घर किंवा मुलांची शाळा सुचवलेली चालत नाही. पायी फिरण्याच्या वाटेवरची खूण मात्र चालते. कारण ती माणसाला चालायला लावते. परदेशात रानातल्या वाटांवर नाव लिहिलेले खांब असतात, ते असे नोंदले जातात. नुसतं अंतर लिहिलेला दगड सहसा पुरत नाही. खुणेवर वाटेचं नाव असावं, अशी अपेक्षा असते.

आमच्या घरामागून डोंगरातल्या वाडीकडे एक पाखाडी जाते. जिथे वाट फुटते, तिथे एक उभा दगड आहे. दरवर्षी पावसाळा सरला, की कुणीतरी त्याला चुना लावतं. कोण लावतं, हे मी कधी विचारलं नाही. भाच्याने एका खेळासाठी तो दगड सुचवला होता. नाव दिलं होतं ‘पायवाटेचा दगड’. चार दिवसांत नकार आला. आता तो नव्याने अर्ज करणार होता, म्हणून कवीची गरज पडली.

मी विचारलं, ‘‘वाटेचं नाव काय?’’

तो म्हणाला, ‘‘तेच तर पाहिजे, मामू. तुम्ही सांगा. मी रंग आणतो, दगडावर लिहितो आणि फोटो काढतो.’’

आणि श्रोतेहो, मी गप्प झालो. मी या वाटेने पन्नास वर्षं चाललोय. तिच्यावर कविताही लिहिल्या आहेत. पण नाव? आम्ही तिला नुसतं ‘वाट’च म्हणत आलो.

आम्ही माझ्या आईकडे गेलो. तिचं वय ऐंशीच्या पुढे. ती म्हणाली, ‘‘अरे, ती माहेरवाट.’’ वरच्या वाडीतल्या मुली खाली म्हसळ्यात दिल्या जायच्या. सणाला, बाळंतपणाला त्या याच वाटेने वर जायच्या. आईही तशीच गेलेली. शेजारचे भाऊ मात्र हसले. म्हणाले, ‘‘छे! ती बाजाराची पाखाडी. आमचे वडील लाकडाची मोळी घेऊन हिनेच बाजारात उतरायचे.’’ म्हणजे खाली उतरणाऱ्या पुरुषांसाठी तिचं नाव एक आणि वर चढणाऱ्या बायकांसाठी दुसरं. अर्जात मात्र नावासाठी चौकट एकच.

आईने आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्यासाठी खरी खूण तो दगड नव्हताच. दगडापुढे एक रायवळ आंबा होता. त्याच्याशी डावीकडे वळायचं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आदळलं, त्यात आमच्या तालुक्यातल्या बागा आडव्या झाल्या. तो आंबाही गेला. त्यानंतर आई कुणाला वाट सांगते, तेव्हा ‘आंब्याशी वळ’ म्हणते आणि मग स्वतःच थांबते.

कोकणातल्या वाटांचं हे असं आहे. त्यांच्या खुणा झाडांत असतात आणि नावं तोंडात. झाड पडलं, म्हातारं माणूस गेलं, की वाट मुकी होते. मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचं अंतर दाखवणारे इंग्रजी अमदानीतले मैलाचे दगड आहेत. त्यातले काही पदपथात गाडले गेले होते. अलीकडच्या वर्षांत ते वर काढून नीट केले. त्यांच्यावर आकडे कोरलेले होते, म्हणून ते ओळखता तरी आले. आमच्या चुन्याच्या दगडावर काय आहे?

खूण किती मोलाची असते, ते आमच्या शेजारी हरिहरेश्वरला कळतं. तिथली प्रदक्षिणेची वाट खडकातल्या पायऱ्यांनी समुद्राशी उतरते. ओहोटी असताना ती चालायची. भरतीच्या वेळी तिथे उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. अशा ठिकाणी पाटी लावतात ती परक्या माणसाला सावध करण्यासाठी. खूण असते ती चालणाऱ्यासाठी. खेळणाऱ्याला तिचा उपयोग झाला तर उत्तमच, पण क्रम हा असा.

म्हणून मी भाच्याला रंग आणू दिला नाही. खेळात नोंद व्हावी म्हणून रातोरात नाव रंगवणं ही लबाडी झाली. शिवाय त्याला वाटेवरच्या कबरस्तानाचं फाटकही सुचवायचं होतं. त्यालाही मी नको म्हटलं. २०१६ साली वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट स्मारक संग्रहालय आणि पोलंडमधलं ऑशविट्झ यांनी ‘इथे हा खेळ खेळू नका’ अशी विनंती केली होती. जिथे माणसं फातिहा पढायला उभी राहतात, तिथे कुणी मोबाईल नाचवत उभं राहावं, हे मला पटेना. त्यालाही ते पटलं. ‘‘तिथे नाना आहेत,’’ एवढंच म्हणाला.

आणि एक विचार मनात आला. २०२५ मध्ये ‘पोकेमॉन गो’ दुसऱ्या कंपनीला विकला गेला. किंमत अब्जावधी डॉलर. खेळ असे हातोहात फिरतात. आपल्या वाटेचं नाव फक्त त्यांच्याच वहीत राहिलं, तर ते आपलं किती?

तेव्हा आम्ही दुसरं काम केलं. उरलेल्या सुट्टीत भाच्याने वाडीतली अकरा घरं पालथी घातली आणि वहीत नावं उतरवली. वळणांची, झऱ्याची, पडलेल्या आंब्याचीसुद्धा. दगडाला चुना कोण लावतं, तेही कळलं. वरच्या वाडीतल्या एक आजीबाई. आता त्यांचा नातू लावतो. जमीनमालकाची परवानगी मिळाली आहे. दिवाळीनंतर त्या दगडाशेजारी काळ्या दगडाची पाटी बसेल. तिच्यावर दोन्ही नावं असतील. एका बाजूला ‘बाजाराची पाखाडी’, दुसऱ्या बाजूला ‘माहेरवाट’. चढणाऱ्याला एक दिसेल, उतरणाऱ्याला दुसरं.

मग भाचा पुन्हा अर्ज करणार आहे. त्याच्या दोन ओळी मी अजून लिहिलेल्या नाहीत. आई म्हणते, ‘‘त्यात आंब्याचं नाव घाल.’’

तुमच्या घरामागून जी वाट जाते, तिचं नाव काय? घरात कुणी वडीलधारं असेल, तर आजच विचारून ठेवा.